पुढे जाड, मागे बारीक

सायकलदुरुस्तीच्या धंद्यात हात काळे होतात, नखं कधीच स्वच्छ होत नाहीत आणि बायको रविवारच्या पांढऱ्या टेबलक्लॉथला हात लावू देत नाही. याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार गिऱ्हाइकांबद्दल आहे. ज्याला पळायचं आहे त्याला बारीक टायर द्यावा, ज्याला हाडं शाबूत ठेवायची आहेत त्याला जाड द्यावा, इतका हा सोपा धंदा. पण ज्याला सोमवारी बारीक, बुधवारी जाड आणि शुक्रवारी पुन्हा बारीक हवा असतो, त्या माणसाचं करायचं काय?

आमच्या गावात असा एकच नग होता. रेमी. वीटभट्टीवर कामाला, चाळिशी ओलांडलेली, अंगानं आडदांड, कान हे एवढाले, आणि लग्नाचा पत्ता नाही. आठवडाभर विटा भाजायच्या आणि रविवारी झुल्माबाईंचं कडं न्यायचं, एवढंच त्याचं आयुष्य.

कडं म्हणजे कबुतराच्या पायातलं. फ्लँडर्समध्ये हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण बाहेरचं कोणी ऐकत असेल म्हणून सांगून टाकतो. शुक्रवारी संध्याकाळी ऑस्कारच्या गुत्त्यावर गावातली कबुतरं गोळा होतात. प्रत्येकाच्या पायात नंबराचं रबरी कडं चढतं आणि टोपल्या आगगाडीनं फ्रान्सात जातात. रविवारी सकाळी तिकडे टोपल्या उघडतात आणि पाखरं घराकडे सुटतात. आपलं पाखरू ढाबळीत शिरलं की त्याचं कडं काढायचं आणि मोहोरबंद घड्याळात टाकायचं. घड्याळ वेळ छापतं. असं घड्याळ गाईच्या किमतीला येतं, म्हणून गावात ती दोनच होती. एक पाद्रीबुवांचं स्वतःचं, आणि दुसरं ऑस्कारच्या गुत्त्यावर, बाकी सगळ्यांसाठी. त्यामुळे बाकी सगळ्यांना सायकलवाला माणूस लागायचा. कडं मिळालं की त्यानं ते गालात धरायचं आणि गुत्त्याकडे सुटायचं.

"गालातच का?" असं माझी बायको इर्मा लग्नानंतर विचारायची. ती शहराकडची. खिशात ठेवलं तर पोहोचल्यावर चाचपण्यात वेळ जातो, मुठीत धरलं तर हँडल सुटतं. आमच्या आजोबांनी गालात धरलं, बापांनी गालात धरलं. आता यात विचारायचं काय?

लांब राहणाऱ्याला आमचं कबुतरवाल्यांचं मंडळ अंतराप्रमाणे वेळेची सूट देतं. पण ती नकाशावर दोरी ठेवून काढलेली सूट. रस्ता गुळगुळीत आहे की दात खिळखिळे करणारा, हे त्या दोरीला काय कळणार! झुल्माबाईंचं घर गिरणीच्या वाटेच्या अगदी टोकाला. ही वाट कुणा राजानं तोफा न्यायला गोटे पुरून केली, आणि तोफा गेल्यापासून तिला कोणी हात लावलेला नाही. गोटे आणि नाला यांच्यामध्ये मळलेल्या मातीची वीतभर पट्टी आहे. ऊन असेल तर त्या पट्टीवरून बारीक टायर असा सुटतो की बघत राहावं. पाऊस पडला की पट्टीचा चिखल होतो, मग गोट्यांवरूनच जावं लागतं, आणि ओल्या गोट्यांवर बारीक टायर म्हणजे दात काढून घेण्याचा स्वस्त उपाय. जाड टायर तिथे गाईसारखा चालतो. पडत नाही, पण लवकर पोहोचतही नाही.

गेल्या वर्षी जत्रेच्या शर्यतीला रेमीनं बारीक टायर घातले आणि नेमकी वाटेत सर आली. पट्टी सोडून तो गोट्यांवर चढला, एका खड्ड्यात सायकल उडाली, आणि रेमीनं कडं गिळलं.

तो सगळ्यांच्या आधी गुत्त्यावर पोहोचला, हे खरं. घड्याळासमोर उभा राहिला, तोंड उघडलं, तर आत काही नाही.

"कडं कुठाय?" ऑस्कारनं विचारलं. ऑस्कार गुत्त्याचा मालक आणि मंडळाचा चिटणीसही.

रेमीनं पोटावर बोट ठेवलं.

तिथल्या तिथे मंडळाची बैठक बसली. रेमीचं म्हणणं असं की कडं वेळेत आलेलं आहे, फक्त ते आत आहे. ऑस्कारनं बराच विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "नियम असा आहे की कडं घड्याळात पडलं पाहिजे. तू मावतोस का बघ."

गाव हसून लोळलं. झुल्माबाई हसल्या नाहीत. त्यांनी रेमीला दंडाला धरून उठवलं. "कडं मंडळाचं आहे, परत द्यावं लागेल. ते बाहेर येईपर्यंत हे माझ्या घरातून हलायचे नाहीत," म्हणाल्या, आणि त्याला घेऊन गेल्या. रविवारी आमच्याकडे घरोघरी आलुबुखार घालून ससा शिजतो. झुल्माबाईंनी त्या वेळी ससा कमी आणि आलुबुखार जास्त अशा हिशेबानं शिजवला, आणि वरून एरंडेल.

मला वाटलं होतं, गडी आता वर्षभर मान वर करणार नाही. तर हा वाकडी रिम घेऊन दुकानात आला तो शीळ घालत.

"व्हालेर," मला म्हणाला, "ती बाई सूप ढवळताना गुणगुणते."

"कडं आलं का?"

"आलं," तो म्हणाला, आणि जरा खट्टू झाला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं लक्ष रिमकडे होतं.

झुल्माबाई म्हणजे काम्येलची विधवा. काम्येल गेला तेव्हा सगळे म्हणाले, कबुतरं विकून मोकळी हो. त्या म्हणाल्या, "तो कधी बोलायचा नाही. कबुतरं निदान घुमतात तरी." त्यांनी ढाबळ ठेवली, आणि नवऱ्यापेक्षा चांगली राखली. त्यांचा काळा नर गावात सगळ्यांत जोमाचा. आमच्याकडे नर विधुरासारखे ठेवायची पद्धत आहे. आठवडाभर नराला मादीपासून वेगळं ठेवायचं, आणि टोपलीत घालण्याआधी क्षणभर तिचं तोंड दाखवायचं. मग तो फ्रान्सातून असा उडतो की वाटेत पाण्यालाही उतरत नाही.

"रेमीचं तरी दुसरं काय चाललंय?" इर्मा एकदा म्हणाली. "रविवार ते रविवार." मी तिला गप्प केलं. मला वाटलं, शहराकडच्या बायकांना जिथे तिथे असलंच दिसतं.

तर यंदाची जत्रा. पहिलं बक्षीस दरवर्षी डुकराची खारवलेली मांडी असायची. यंदा बिअरवाल्या कारखान्याला उदारपणाचा झटका आला आणि त्यानं नवं कोरं पितळी घड्याळ ठेवलं. ऑस्कारनं ते गुत्त्याच्या काचेत मांडलं, आणि गावातले झाडून सगळे पुरुष चर्चमधली मिसा चुकवून काचेला नाक लावून उभे राहिले. स्वतःचं घड्याळ म्हणजे गालात कडं नको, सायकल नको, कुणाची मनधरणी नको. पाखरू आलं की दोन पावलांवर काम फत्ते.

रेमी सोमवारी संध्याकाळी दुकानात हजर. "बारीक घाल. यंदा जिंकायचंच."

मी घातले. बुधवारी तो पुन्हा आला. "जाड घाल."

"का रे? ऊन पडलंय की चांगलं."

"पाऊस येईल."

मी आकाशाकडे पाहिलं. ढगाचा ठिपका नव्हता. पण एकदा कडं गिळलेला माणूस, म्हटलं दुधानं तोंड भाजलंय, ताक फुंकून पितोय. जाड टायर चढवायचा तर मडगार्ड काढावं लागतं, कारण आत मावत नाही. तेही काढलं. शुक्रवारी झुल्माबाईंनी काळ्याला मादी दाखवून टोपलीत घातला, आणि तिथून रेमी थेट माझ्याकडे, डोळे चमकताहेत. "बारीक! ती म्हणते, काळा पहिला येणार. मला म्हणाली, रेमी, सगळं आता तुमच्यावर." मी मडगार्ड पुन्हा बसवलं. शनिवारी दुपारी सायकल पुन्हा दारात, आणि चेहरा असा की जणू भट्टी विझली.

"जाड."

मी पाना जमिनीवर आपटला. "रेमी, तुला जिंकायचंय की नाही? जिंकायचं तर बारीक. गिळायची भीती वाटते तर जाड. तुझं हे तळ्यात-मळ्यात करून माझे अंगठे सोलले."

तो पंपाच्या दांड्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "जिंकलो तर तिला घड्याळ मिळेल."

"मिळू दे की."

"मग कडं ती घरच्या घरीच टाकेल."

"टाकू दे की! तुला काय..."

"मग रविवारी मी जाऊ कुठे, व्हालेर?"

हे त्यानं अगदी साधेपणानं विचारलं. एवढा थोरला गडी, एका हातानं विटांची गाडी उलटवणारा, आणि माझ्या दुकानात पंप धरून उभा. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. इर्माचं बरोबर होतं, याचा रागही त्यात होताच.

"तिलाच सरळ विचार ना."

"काय विचारू?"

"हेच! जे मला विचारलंस ते."

"वेडा आहेस का?" तो खरोखर घाबरला. "तिनं नाही म्हटलं तर जो रविवार आहे तोही जाईल."

"मग हर उद्या. जाड टायर घाल, हळू जा, आणि हर. कोणाला कळणार आहे?"

"कसा हरू? ती शिडीवर चढून बघत असते, मी गिरणीचं वळण घेईपर्यंत."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत. मी मुकाट्यानं जाड टायर चढवले.

रविवारी सकाळी पावसाची झिमझिम झाली आणि मग लख्ख ऊन पडलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणारं हवामान. मी चर्चच्या मिरवणुकीसाठी कडक कॉलर लावून तयार होतो, तेवढ्यात रेमी दारात.

"बारीक टायर घे आणि पाने घे. झुल्माबाईंच्या अंगणातच बदलू. मी ठरवलंय."

"काय ठरवलंयस?"

"तिचं घड्याळ तिला मिळालं पाहिजे. माझं मी बघेन."

इर्मा टोपीला सुया लावत होती. "म्हणजे तू मिरवणुकीला येणार नाहीस?"

"देवाला सांग, रेमीचे टायर बदलतोय."

"देव म्हणेल, पुन्हा?" इर्मा म्हणाली.

झुल्माबाई अंगणात मटाराच्या दाण्यांचा डबा हळूच खुळखुळवत उभ्या होत्या, डोळे आकाशात. एरवी या बाईंचा आवाज गिरणीपर्यंत जातो, पण पाखराची वाट बघताना त्या कुजबुजतात. सायकल उलटी केलेली पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "आत्ता? आत्ता चाकं काढताय? तुम्हा दोघांना मिळून एक तरी डोकं आहे का?"

"अजून वेळ आहे, बाई. वारा समोरचा आहे," मी म्हणालो.

मागचं चाक काढलं, जाड टायर उतरवला, बारीक चढवला. रेमी पुढच्या चाकाच्या नटाला हात घालतोय, तोच झुल्माबाईंच्या हातातला डबा थांबला. काळा आला होता. फ्रान्सातून वाऱ्याशी भांडत आलेला तो पठ्ठ्या थेट छपराच्या कण्यावर उतरला, पंख झाडले, आणि बसला. ढाबळीत शिरायचं नाव नाही. सायकलीखाली दोन माणसं काय करताहेत हे त्याला बघायचं असावं.

पाखरू छपरावर असताना आवाज केला तर ते उडतं आणि गिरणीच्या छपरावर जाऊन तासभर बसतं. त्यामुळे पुढचं सगळं भांडण कुजबुजत झालं.

"पुढचा?" रेमी.

"वेळ नाही."

"पुढे जाड, मागे बारीक? लोक हसतील."

"गेल्या वर्षी काय रडले होते का? चाक धर."

चाक बसलं, पण टायरमध्ये हवा नव्हती. आणि माझा पंप, त्याचं वाटोळं होवो, दर दाबाला कुईं करतो. मी एक दाब दिला. कुईं. काळ्यानं मान वळवली. झुल्माबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मेलेल्या आईची क्षमा मागितली. मी थांबलो. पाखरानं मान फिरवली की एक दाब, मग पुतळा. पुन्हा एक दाब, पुन्हा पुतळा. रेमी पंपावर आपला कोट धरून उभा, आवाज दाबायला. माझी कडक कॉलर घामानं भिजून मानेला चिकटली. शेवटी झुल्माबाई आत गेल्या, मादीला हातात घेऊन ढाबळीच्या शिडीवर चढल्या आणि तिला नुसती वर धरली. काळ्यानं तिला पाहिलं आणि सरळ दारातून आत गेला. आमचा पंप, आमची सायकल, कशाकडे त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

शिडीवरूनच त्यांनी आत हात घालून कडं काढलं. रेमी खाली हात पसरून उभा होता. त्यांनी ते हातावर दिलं नाही. खाली वाकल्या आणि थेट त्याच्या गालात सारलं. "या वेळी गिळलंत तर घरातले आलुबुखार संपलेत," म्हणाल्या.

रेमी लाल झाला आणि सुटला. मी माझ्या सायकलवर त्याच्या मागे.

मातीची पट्टी वरून सुकली होती, आत मऊ होती. मागचा बारीक टायर धावत होता, पण जिथे माती खचत होती तिथे पुढचा जाड टायर तरंगत पुढे जात होता आणि हँडल सरळ राहत होतं. नाल्याशी पट्टी तुटते तिथे तो गोट्यांवर चढला, धडधड झाली, पण हातांपर्यंत हादरा गेला नाही. गाल फुगलेला तसाच. तेव्हापासून मी लोकांना सांगतोय की हे मी विचारपूर्वक केलेलं संशोधन आहे. गावातल्या निम्म्या सायकली आता पुढे जाड, मागे बारीक आहेत, आणि मी काही बोलत नाही.

गिरणीच्या वळणावर समोर मिरवणूक.

आधी पांढऱ्या पोशाखातल्या मुली, मग बँड, मग सोनेरी छत्र, आणि छत्राखाली पवित्र प्रसाद छातीशी धरलेले पाद्रीबुवा. त्यांचे डोळे वर लागलेले. परगावच्या माणसाला वाटलं असतं, स्वर्गाकडे. आम्हाला ठाऊक होतं की ते आपल्या पाखरांकडे बघताहेत. सगळा रस्ता भरलेला. आणि तो प्रसाद म्हणजे साक्षात देव, तो समोरून येताना कोणीही असो, सरदार असो की वीटभट्टीवाला, खाली उतरून गुडघे टेकायचे आणि छत्र पार जाईपर्यंत उठायचं नाही.

रेमी उतरला. सायकल आडवी टाकून गुडघ्यांवर बसला. मी त्याच्या मागे बसलो. मिरवणूक गोगलगाईच्या चालीनं येत होती, आणि बँडनं नेमकं सगळ्यांत लांबलचक भजन लावलेलं.

मला रेमीचा चेहरा बाजूनं दिसत होता. त्यावर सुटका होती. खरंच सांगतो, मी इतका सुखी चेहरा फार कमी वेळा पाहिलाय. त्याला काहीच करायचं नव्हतं. देवानंच अडवला होता, झुल्माबाईही दोष देऊ शकल्या नसत्या. घड्याळ दुसऱ्याला जाईल, आणि पुढच्या रविवारी पुन्हा अंगण, पुन्हा ससा, पुन्हा सूप ढवळताना गुणगुणणं. त्याला नुसतं गुडघ्यांवर बसून राहायचं होतं.

मग त्यानं मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. वाटेच्या टोकाला शिडीवर झुल्माबाई अजून उभ्या होत्या, एक हात डोळ्यांवर, दुसऱ्या हातात ती मादी तशीच धरलेली.

रेमीनं छातीवर क्रूस काढला, घाईघाईत उलटा, आणि उठला. छत्र दहा पावलांवर असताना उठला! बँडचा ट्रंपेटवाला चुकला. पांढऱ्या पोशाखातली एक मुलगी किंचाळली. पाद्रीबुवांची नजर पहिल्यांदाच आकाशातून खाली आली. त्यांनी फुगलेला गाल पाहिला आणि त्यांना सगळं समजलं. हातात पवित्र प्रसाद, बोलता तर येईना! रेमीनं सायकल खांद्यावर मारली, नाला ओलांडला, कबरस्तानाच्या मागच्या फाटकातून घुसला आणि झाडांच्या मुळांवरून, थडग्यांमधून गुत्त्याच्या दिशेनं नाहीसा झाला. मिरवणुकीतून इर्मा माझ्याकडे बघत होती. मी हात जोडलेले होते, नाहीतर टाळ्या वाजवल्या असत्या.

काळा पहिला आला. पाद्रीबुवांचं पाखरू दुसरं, अगदी थोडक्यात; त्यांचं घड्याळ घरी मोलकरीण सांभाळत होती.

संध्याकाळी गुत्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पाद्रीबुवा आत आले तेव्हा सगळ्यांनी टोप्या काढल्या. ते सरळ रेमीसमोर जाऊन उभे राहिले. "देवासमोरून उठलास तू."

"चूक झाली, फादर."

"पाप आहे ते."

"हो, फादर."

"पुढच्या वर्षी छत्राची काठी तू धरायचीस. दोन्ही हातांनी." मग हळूच, "कबरस्तानातून जवळ पडतं का रे?"

ऑस्कारनं घड्याळ झुल्माबाईंच्या हातात दिलं. बायका त्यांच्याभोवती गोळा झाल्या, पुरुष घड्याळाभोवती, जो तो चावी फिरवून बघतोय. झुल्माबाई मान उंच करून कोणाला तरी शोधत होत्या, पण रेमी केव्हाच मागच्या दारानं गेला होता. त्याची बिअर अर्धी तशीच होती. आमच्याकडे पुरुष बिअर अर्धी टाकून जातो ती फक्त घराला आग लागल्यावर.

पुढचा सबंध आठवडा तो दुकानाकडे फिरकला नाही. बारीक नको, जाड नको. रविवारी म्हणे भट्टीवर थांबला, आगीवर लक्ष ठेवायला. भट्टी त्या दिवशी बंद होती. मी दोनदा त्याच्या घराकडे जायला निघालो आणि दोनदा परतलो, कारण सांगणार काय? सायकल असती तर दुरुस्त केली असती.

त्यानंतरच्या शनिवारी झुल्माबाई दुकानात आल्या. रेमीची सायकल हातानं ढकलत.

"ही कुठून आणलीत?"

"भट्टीवरून. तो नको नको म्हणत होता, मी आणली." त्यांनी सायकल भिंतीवर आदळली. "व्हालेर, हिला दोन्हीकडे जाड टायर बसव. तुझ्याकडे असतील त्यातले सगळ्यांत जाड. आणि मागे कॅरियर लाव, भक्कम."

"दोन्हीकडे जाड? बाई, सायकल मुंगीसारखी चालेल."

"चालू दे. शर्यत संपली की घड्याळ उघडायला गुत्त्यावर न्यावं लागतं, माहीत आहे ना? ऑस्कार म्हणतो, त्याला हादरा बसला की ते वेळ चुकतं. गोट्यांवरून न्यायचं तर हळूच न्यायला हवं."

"आणि कॅरियर घड्याळासाठी?"

"माझ्यासाठी. घड्याळ मी मांडीवर धरणार. त्याच्या हातात देऊ? त्यानं गिळलं म्हणजे?"

इर्मा आतून दारात आली आणि तिथेच उभी राहिली. झुल्माबाईंचा आवाज एकदम खाली आला, पाखरू छपरावर असताना येतो तसा. "कडं न्यायला माणूस लागतो म्हणून मी दर रविवारी ससा मारते, असं वाटलं की काय त्या गाढवाला? गेल्या रविवारी अख्खा ससा मी एकटीनं खाल्ला. रागानं खाल्ला. अजून पोट ठिकाणावर नाही."

"तुम्ही त्याला हे सांगितलंत?" इर्मानं विचारलं.

"सांगितलं ना! म्हटलं, उद्या जेवायला या, आणि परवाही या."

"मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. हातातली वीट पायावर पाडली."

मी जाड टायर चढवले. आधीच काढलेलं मडगार्ड कायमचं फळीवर ठेवून दिलं. कॅरियरला इर्मानं आपली जुनी गादीची उशी बांधली, मी नको म्हणत असताना.

रविवारी सगळ्यांची कडी घड्याळात पडून गेली होती, पाद्रीबुवांचं घड्याळही येऊन टेबलावर बसलं होतं, आणि ऑस्कार दर थोड्या वेळानं दारात जाऊन रस्त्याकडे बघत होता. मंडळाच्या नियमाप्रमाणे घड्याळं ठरल्या वेळेत टेबलावर हवीत. ती वेळ टळली. मग गिरणीच्या वळणावर सायकल दिसली. गोट्यांच्या मधोमध, पायी चालणाऱ्या माणसानं मागे टाकावी इतकी सावकाश. रेमी ताठ बसलेला, लंगडा पाय पेडलवर जपून, आणि मागे झुल्माबाई, मांडीवर शालीत गुंडाळलेलं घड्याळ. एक हात घड्याळावर. दुसरा रेमीच्या पट्ट्यात.

"उशीर झाला, झुल्मा," ऑस्कार म्हणाला. "नियम म्हणजे नियम. काळा बाद."

"बाद तर बाद," झुल्माबाई म्हणाल्या. "दोन बिअर दे. आणि यांची पूर्ण भर, मागच्या वेळची अर्धी राहिलीय."

त्या आत गेल्या. रेमी मात्र बाहेरच रेंगाळला. त्यानं मला बाही ओढून सायकलीपाशी नेलं, मागच्या जाड टायरवर अंगठा दाबून पाहिला आणि दाराकडे नजर टाकत कुजबुजला,

"व्हालेर, यातली थोडी हवा काढली, तर आणखी हळू जाईल का रे?"